उन्हाळ्यातले सहा गुरुवार

तुमच्या घरातली बाई, म्हणजे आई, बहीण, भावजय किंवा बायको, काहीही काम नसताना घराबाहेर पडल्याचं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? दवाखाना नाही, बाजार नाही, शाळेतली पालकसभा नाही, लग्न नाही, मयत नाही. फक्त संध्याकाळी जरा वारा लागावा म्हणून बाहेर. हा प्रश्न मी ओळखीच्या दहा-बारा घरांत विचारला. बहुतेक ठिकाणी आधी हसले. मग आठवायला लागले, आणि कुणालाच चटकन आठवेना.

आपल्या तरुणांच्या बैठकांत शिक्षणावर चर्चा होते, नोकऱ्यांवर होते, कायद्यांवर होते. व्हायलाच हवी. पण फिरायला जाण्याचा विषय काढला की तो हलका वाटतो. पोट भरलेल्यांचा विषय, असं म्हणून बाजूला सारतात. मला तो हलका वाटत नाही. ज्या गावात आपण घरपट्टी भरतो, मतदान करतो, मुलं शाळेत घालतो, त्या गावातल्या बाकावर, घाटावर, टेकडीवर आपल्या घरातली माणसं कधी बसलेली दिसतच नसतील, तर ते गाव आपलं फक्त कागदावर असतं. गावाला आपली सवय होत नाही आणि आपल्याला गावाची. मग एखादा वाईट दिवस उगवतो, तेव्हा दोन्हीकडे अनोळखी माणसं उभी असतात.

हे मी देहूतून लिहिते आहे. माझं सासर मूळचं बार्शीकडचं. सासरे कामाच्या शोधात पिंपरीत आले, भाड्याची घरं बदलत बदलत आम्ही देहूला आलो. दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. नवरा चाकणमधल्या एका लहान कंपनीत प्रेस शॉपला आहे, मी घरी शिकवण्या घेते. मुलगी नववीत, मुलगा सहावीत, दोघंही मराठी शाळेत. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. आमच्या घरासारखी हजारो घरं निगडी, चिखली, तळवडे, देहूरोड, चाकण या पट्ट्यात आहेत. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिवकडून आलेली, घरात दखनी आणि दाराबाहेर मराठी बोलणारी.

या पट्ट्यातल्या लोकांना गुरुवारचं महत्त्व सांगायला नको. विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी सुट्टी देण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे भोसरी-चाकण भागातल्या कितीतरी कारखान्यांना ती गुरुवारी असते. शाळेची सुट्टी मात्र रविवारी. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा मुलं शाळेत, आणि मुलं घरी असतात तेव्हा बाप मशीनवर. त्यात पाळ्या. एका छपराखाली राहून बापलेकांची गाठ आठवडाभर धड पडत नाही. वर्षातून एकदाच हे गणित जुळतं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. 2025 साली मी कॅलेंडरवर मोजले: 8, 15, 22 आणि 29 मे, 5 आणि 12 जून. सहा गुरुवार. अख्ख्या वर्षात सगळं घर दिवसभर एकत्र असण्याचे एवढेच दिवस.

हे दिवस एरवी कसे जातात? नवरा आठवड्याची झोप काढतो. दुपारी मटण शिजतं, कारण तो घरी आहे. त्याचे मित्र किंवा आमचे पाहुणे येतात, कारण तो घरी आहे. बँक, गॅस, गाडीची सर्व्हिसिंग. बाईसाठी हा सुट्टीचा दिवस म्हणजे दुप्पट कामाचा दिवस. आणि दुपारी तीनला पत्र्याखाली स्वयंपाक करणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा. पंखा गरम हवा फिरवत राहतो. सूर्य बुडाला तरी पत्रा लवकर निवत नाही. पुरुष कट्ट्यावर जाऊन बसतात, मुलगे क्रिकेट खेळायला पळतात. घरात उरतात त्या बाया आणि मोठ्या होत चाललेल्या मुली. बाहेरच्या वाऱ्याची सगळ्यांत जास्त गरज ज्यांना आहे, नेमक्या त्याच.

मुलींचं तर एक ठरलेलं वय असतं. अकरा-बारा वर्षांपर्यंत ती खाली खेळते, सायकल चालवते, दुकानातून बर्फाचा गोळा आणते. मग एका सुट्टीत कुणीतरी म्हणतं, 'आता मोठी झाली.' त्या एका वाक्यानंतर तिचं गाव शाळा, क्लास आणि घर एवढ्यावर येतं. तिचा भाऊ त्याच वयात गाव शोधायला लागलेला असतो. पुढे वीस वर्षांनी आपणच तिला विचारतो की तू धीट का नाहीस, तुला रस्ते का माहीत नाहीत, मुलाखतीला एकटी का जात नाहीस. अंगणच काढून घेतल्यावर पाय चालायला शिकणार कुठे?

म्हणून 2025 च्या उन्हाळ्यात मी घरात मांडलं की सहाही गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर जायचं. लांब नाही, महाग नाही. पाणी आणि डबा घरून न्यायचा. ठिकाण अम्मी आणि मुलगी ठरवतील. अम्मींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "क्या करते वां जाके?" या वाक्याला उत्तर देणं अवघड आहे. कारण बाहेर जाऊन करायचं काहीच नसतं. बसायचं असतं. पण चाळीस वर्षं कामाशिवाय घराबाहेर न पडलेल्या बाईला नुसतं बसणं हे कारण वाटत नाही.

पहिला गुरुवार, 8 मे, घरातच गेला. 22 एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी 26 निरपराध माणसं मारली होती. 7 मेपासून सीमेवर तोफा आणि विमानं होती. टीव्ही दिवसभर पेटलेला. आमच्या आसपास कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. तरीही घरात ठरलं की सध्या बुरख्यातल्या बायकांनी बाहेर दिसायला नको. तुमच्यापैकी कितीतरी घरांत तेव्हा असंच ठरलं असेल. पहलगामच्या बातमीनं आम्हाला जे दुःख झालं ते शेजाऱ्यांसारखंच होतं, पण ते दुःख त्यांच्याबरोबर बसून बोलायला आम्ही बाहेर गेलो नाही. अशा वेळी घरात थांबणं सुरक्षित वाटतं हे मला समजतं. पण आपण दिसेनासे होतो तेव्हा आपल्याबद्दल टीव्ही बोलतो, आणि त्याला खोडून काढायला शेजाऱ्याकडे आपली काही आठवण नसते.

पुढच्या गुरुवारी, 15 मेला, आम्ही इंद्रायणीच्या घाटावर गेलो. घरापासून नदी चालत वीस मिनिटांवर. अम्मींनी ती इतक्या वर्षांत रिक्षातून, पुलावरूनच पाहिलेली. आम्ही डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, काकडी आणि कापलेलं कलिंगड नेलं होतं. देहू हे वारकऱ्यांचं गाव, घाटावर मांसाहार चालत नाही, म्हणून डबा शाकाहारी. याला कुणी तडजोड म्हणेल. मी याला शिष्टाचार म्हणते. आपल्या दस्तरखानावर पाहुणा आला की तो जसा आपला मान ठेवतो, तसाच. घाटावर म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसलेली, मुलं माशांना चुरमुरे टाकत होती, कुठून तरी पखवाजाचा सराव ऐकू येत होता. अम्मी चप्पल काढून पायरीवर बसल्या. मगरिबच्या आधी घरी निघायचं असं त्यांनीच सांगितलं होतं. वेळ झाल्यावर मी आठवण केली, तर म्हणाल्या, "पाच मिनिटं थांब."

22 मेला आभाळ भरून आलेलं, म्हणून छपराखालचं ठिकाण निवडलं. मुलीला गाथा मंदिर पाहायचं होतं. तिथल्या संगमरवरी भिंतींवर तुकाराम महाराजांचे चार हजारांवर अभंग कोरलेले आहेत. तिच्या मराठीच्या पुस्तकात तुकोबा आहेत, शाळेत पाठ केलेला अभंग भिंतीवर सापडतो का हे तिला बघायचं होतं. अर्धा तास शोधून तिला तो सापडला. नात्यातल्या एकांनी नंतर विचारलं, मंदिरात कशाला? मी सांगितलं, वाचायला. ज्यांना आत जायचं नसेल त्यांनी जाऊ नये, त्यांच्यासाठी घाट आहे, डोंगर आहे, बाग आहे. पण माझी मुलगी मराठीत शिकते, मराठीत स्वप्नं बघते. तिच्या भाषेचा एवढा मोठा कवी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होऊन गेला, तो तिचा नाही असं मी तिला का सांगू?

देहूत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. आषाढी वारीसाठी तुकाराम महाराजांची पालखी निघते, तेव्हा ती गावातच अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तिथे अभंग-आरती होते, मग पालखी पुढे जाते. दरवर्षी वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात आणि आपण ते एकमेकांना पाठवतो. मलाही त्याचा अभिमान आहे. पण एक अडचण मला जाणवते. पालखी दर्ग्यापाशी थांबली याचा आपल्याला आनंद होतो आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याच गावात आपण थांबत नाही. एकोप्याचं सगळं ओझं आपण एका फकिरावर आणि एका पालखीवर टाकून मोकळे होतो. शेजार असा वर्षातून एका सकाळी होत नाही. तो घाटावरच्या पायरीवर सरकून जागा देताना होतो, "किती वाजले?" विचारताना होतो, कुणाचं तरी रडणारं पोर क्षणभर मांडीवर घेताना होतो. त्यासाठी आधी तिथे असावं लागतं.

29 मेचा गुरुवार पावसाचा. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मेलाच पुण्यात येऊन थडकला होता. दुपारनंतर उसंत मिळाली तसे आम्ही बसने निगडीला भक्ती-शक्ती उद्यानात गेलो. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचं शिल्प, आणि 107 मीटर उंच ध्वजस्तंभ. मुलाचं सगळं लक्ष त्या स्तंभाकडे. 5 जूनचा गुरुवार बकरी ईदच्या तयारीत गेला, कारण ईद 7 तारखेला होती. 12 जूनला भंडारा डोंगर. वरपर्यंत रस्ता आहे, त्यामुळे अम्मींना चढावं लागलं नाही. तुकाराम महाराज चिंतनासाठी जिथे जाऊन बसत तो हा डोंगर. नवऱ्याने वरून मुलांना हात करून दाखवलं, त्या बाजूला चाकण, तिकडे माझी कंपनी. रोज बाप जातो कुठे, हे मुलाला पहिल्यांदा दिशेसह कळलं.

सहापैकी चार गुरुवार साधले. घोरावडेश्वरचा डोंगर राहून गेला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, देहूरोडच्या पुढे, प्राचीन बौद्ध लेणी आणि त्यातच महादेवाचं देऊळ. देहूरोडचा बुद्धविहारही मुलांना दाखवायचा आहे. तिथे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दहा-बारा किलोमीटरच्या आत एवढं सगळं आहे. इतिहासाच्या पुस्तकात जे वेगवेगळ्या धड्यांत येतं, ते इथे एका बसच्या तिकिटात बसतं.

तिकिटावरून खर्चाचं बोलते, कारण 'परवडत नाही' हे उत्तर मला सगळ्यात जास्त मिळालं. घाटाला पैसे लागत नाहीत. डबा घरचाच. बसचं भाडं सोडलं तर आमच्या एका संध्याकाळचा खर्च मुलांच्या उसाच्या रसापुरता होता. जरा लांब जायचं तर मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे आणि कार्ले लेणी आहेत. ज्या घरात मॉलमध्ये दोनशे रुपयांचं पॉपकॉर्न घेतलं जातं, त्या घरात नदीकाठ परवडत नाही हे मला पटत नाही. पैशाचं कारण पुढे करणं सोपं असतं. खरी कारणं दोन आहेत आणि दोन्ही अवघड आहेत.

पहिलं कारण बाहेरचं. एका बागेत आम्ही सतरंजी अंथरत होतो, तेवढ्यात तिथला राखणदार आला आणि म्हणाला, "इथं नमाज वगैरे पढायचा नाही हां." सतरंजीवर तेव्हा फक्त डबे होते. माझा नवरा ताठ झाला. मुलगी सामान गोळा करायला लागली. अम्मी मात्र म्हणाल्या, "नाही बाबा, जेवायला आलोय. बस, भाकरी खा." तो ओशाळला. बसला नाही, पण जाताना पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवून गेला. मी ही गोष्ट गोड शेवट म्हणून सांगत नाही. त्याचं बोलणं चुकीचंच होतं. शेजारच्या सतरंजीवरच्या कुटुंबाला त्याने काहीही विचारलं नव्हतं. पण पहिल्याच बोलण्यावर आम्ही उठलो असतो, तर त्याच्या मनातलं चित्र तसंच राहिलं असतं आणि माझ्या मुलीच्या मनात 'बाग आपल्यासाठी नसते' हे पक्कं झालं असतं. ती आता बागेत बसते. अपमान गिळून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. जागा सोडू नका, एवढंच म्हणते. जिथे धोका वाटेल तिथे अर्थातच उठा, मुलांसमोर भांडण ओढवून घेऊ नका, आणि नंतर तक्रार जरूर लिहून द्या.

दुसरं कारण आपल्यातलं आहे, आणि त्यावर बोलायला आपण जास्त कचरतो. दोन गुरुवार झाल्यावर गल्लीत एकीने म्हटलं, "सुनेनं सासूलापण फिरायची चटक लावली." आपल्याकडे बाईने बाहेर जाण्याला कारण लागतं, आणि कारण संपलं की परवानगी संपते. दर्ग्याला जाणं चालतं, माहेरी जाणं चालतं, खरेदी चालते. स्वतःसाठी बाहेर बसणं चालत नाही. हे फक्त मुसलमानांतच आहे असं नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये लिहिलं. सर्व धर्मांच्या, सर्व थरांतल्या बायकांना सार्वजनिक जागेत असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, असं त्या मांडतात. बाईला निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क असला पाहिजे, ही त्यांची मागणी. मुस्लिम बाईवर मात्र दोन पहारे असतात. घरातला समाज तिला इज्जतीच्या नावाने अडवतो आणि बाहेरचा समाज संशयाच्या नावाने. दोन्ही पहारेकरी एकमेकांना ओळखतही नाहीत, पण काम एकच करतात.

हे बदलू शकतं याचं उदाहरण लांब नाही. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने मुलींचा फुटबॉल सुरू केला. खेळायला मैदान हवं, तर मुलींनी सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधीकडे मैदान मागितलं. मुंब्रा म्हणजे मुस्लिमबहुल, दाटीवाटीची, बदनाम केली गेलेली वस्ती. तिथल्या मुली मैदानात उतरल्या, हिजाब घातलेल्या आणि न घातलेल्याही. त्यांनी कुणाच्या मनपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. खेळायला लागल्या, आणि बघणाऱ्यांना हळूहळू सवय झाली.

आता या उन्हाळ्याचा शेवट. 15 जून 2025, रविवार. शाळेच्या सुट्टीचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू होणार होत्या. देहूपासून जवळच, इंदोरीकडे, इंद्रायणीवर कुंडमळा आहे. नदीने खडकात कोरलेले कुंड, पावसाळ्यात फेसाळणारं पाणी. दुपारी तिथला जुना लोखंडी पादचारी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले, अनेक जण जखमी झाले. पूल धोकादायक होता, तशी पाटी होती, तरी त्यावर माणसं उभी होती आणि दुचाक्याही. नंतर सगळ्यांनी पर्यटकांना बोल लावला. हुल्लडबाज, बेशिस्त, सेल्फीवाले. बेशिस्त होतीच, ती नाकारत नाही. पण मला त्या पुलावर आमच्यासारखीच घरं दिसली. आठवड्याची एक सुट्टी, सुट्टीचा शेवटचा दिवस, लेकरांनी धरलेला हट्ट, आणि लाखोंच्या औद्योगिक पट्ट्यात पाणी बघायला मोजकीच ठिकाणं. कंपन्यांसाठी रस्ते रुंद झाले, माणसांसाठी बसायच्या जागा तेवढ्या वाढल्या नाहीत. मग सगळे एकाच पुलावर जातात.

म्हणून फिरायला जाणं हा निव्वळ हौसेचा विषय राहत नाही. ज्या जागा आपण वापरतो त्यांच्याबद्दलच आपण बोलू शकतो. इंद्रायणीत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं, आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगतो, हे आपण बातमीत वाचतो. घाटावर बसणाऱ्याला त्याचा वास येतो, आणि वास आलेला माणूस निवेदनावर सही करताना दोनदा विचार करत नाही. 'नदी वाचवा' ही मागणी आजवर आपण वारकऱ्यांवर आणि पर्यावरणवाल्यांवर सोडून दिली. पाणी आपणही पितो.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले अनेक जण मोबाइलवर अर्ज भरायला, माहिती अधिकार वापरायला शिकलेले आहात. मग हे करून बघा. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना आणि नगरांना डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेवर वसाहत मंजूर करताना साधारण 10 टक्के जागा मोकळी, खेळण्या-बसण्यासाठी ठेवावी लागते. तुमच्या वसाहतीची ती जागा कुठे आहे? तिथे आज काय आहे, पार्किंग, कुणाचा गोदाम, की कचरा? नगरपंचायतीला, महापालिकेला विचारा. घाटावर आणि बागेत बायकांसाठी उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह आहे का ते विचारा. बाई किती वेळ बाहेर थांबू शकते हे तिच्या धिटाईवर कमी आणि यावर जास्त ठरतं. मुंबईत 'राइट टू पी' या नावाने बायकांनी 2011 पासून हीच मागणी लावून धरली. दिवे मागा, बाक मागा, नदीच्या धोक्याच्या जागी कुंपण आणि राखणदार मागा. दर उन्हाळ्यात पोहायला उतरलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. तुमच्या गल्लीतल्या पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, जुन्या पुलावर घोळक्याने उभे राहू नका.

आणि ही मागणी करताना ती फक्त 'मुस्लिम वस्तीसाठी' म्हणून करू नका. पत्र्याच्या खोलीत राहणारी माझी शेजारीण मराठवाड्यातून आलेली, कपाळाला कुंकू लावणारी आहे. तिच्याही नवऱ्याला गुरुवारची सुट्टी आहे. तीही संध्याकाळी दारात पदराने वारा घेत बसते. तिसऱ्या वेळी ती आणि तिच्या मुली आमच्याबरोबर बसने निगडीला आल्या. अर्जावर तिची सही माझ्या सहीच्या वर असेल, तर तो अर्ज कुठल्याही जमातीचा राहत नाही, गावाचा होतो.

घरातल्या भावांना एक वेगळं सांगायचं आहे. बहिणीला किंवा आईला 'घेऊन जाणं' हे उपकार समजू नका. पहिल्यांदा बरोबर जा, रस्ता दाखवा. दुसऱ्यांदा त्यांना ठिकाण ठरवू द्या. तिसऱ्यांदा त्या मैत्रिणींबरोबर निघाल्या तर कुठे, कशाला, किती वाजता, ही चौकशी स्वतःला जेवढी करता तेवढीच त्यांना करा. त्या दिवशीचा डबा तुम्ही भरा. सहलीसाठी बाई पहाटे पाचला उठून वीस चपात्या लाटणार असेल, तर ती तिची सहल नाही, तिची जागा बदललेली ड्युटी आहे. आमच्याकडे शेवटच्या दोन गुरुवारी काकडी-कलिंगड नवऱ्याने कापलं, भांडी मुलाने घासली. जग बुडालं नाही.

मोठे प्रश्न सुटायला वेळ लागेल. शाळा, नोकऱ्या, सुरक्षितता, यांसाठी लढत राहावंच लागणार आहे. पण लढणाऱ्या माणसाला आपण कशासाठी लढतो ते डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. माझ्यापुरतं ते एवढं आहे: संध्याकाळची वेळ, गावातला एक बाक, त्यावर बसलेली एक मुसलमान बाई, आणि तिच्याकडे वळून न बघता बाजूने जाणारी माणसं. कुणाला नवल वाटू नये, एवढंच. पुढच्या सुट्टीतही गुरुवार मोजकेच असतील, आणि त्यातले एकदोन पाऊस, पाहुणे नाहीतर बातम्या खातील. उरलेले कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा, आणि ठिकाण कुठलं ते अम्मीला विचारा.